पावसाळ्यानंतरची बाग

डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर निसर्गप्रेमी नागरिकांनी झाडं लावली. ही जमीन वनखात्याची. टेकडीवर पक्षी बघायला लोक येतात आणि उन्हाळ्यात वणवेही लागतात. जुलैत रोप लावायला शेकडो हात मिळतात, पण ते जगवायला पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं. वणवा अडवायचा तर गवत वाळताच ते कापून जाळरेषा काढावी लागते. वृक्षारोपणाचं कौतुक होतं, पण बाग खरी घडते ती या कंटाळवाण्या कामातून. ते काम टेकडीजवळ राहणारा माणूसच नेमाने करू शकतो, कारण धूर पहिल्यांदा त्यालाच दिसतो.

टेकडी वनखात्याची असली, तरी शहरातल्या बागांबाबत ‘कर भरतो, मग हे पालिकेने करावं’ हा आक्षेप रास्तच आहे. 2011च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. एवढ्या शहराला जागा, कुंपण, पाणी आणि माळी पुरवणं ही पालिकेचीच जबाबदारी. श्रमदानाच्या नावाखाली ती झटकू देऊ नये. पण शहराच्या विकास आराखड्यात बागेसाठी हिरवा रंग भरला म्हणून बाग होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षणच रद्द होतं. म्हणून रहिवाशांनी आपल्या प्रभागातली बागेची आरक्षणं आणि त्यांच्या तारखा माहीत करून घ्याव्यात. हे काम रोप लावण्याइतकंच मोलाचं आहे, आणि सध्या ते फार थोडे लोक करतात.

दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते: सांभाळणारेच उद्या मालक झाले तर? मुंबईत मैदानं दत्तक देण्याचं धोरण याच भीतीपोटी 2016 मध्ये स्थगित झालं. त्याच शहरात ओव्हल मैदानासाठी रहिवासी 1990च्या दशकात न्यायालयात गेले आणि त्यांनी देखभाल हाती घेतली. तिथे आजही कोणीही क्रिकेट खेळू शकतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पालिका आणि रहिवासी यांच्यात देखभालीचे असे करार व्हावेत, मात्र त्यात प्रवेश विनामूल्य राहील, बांधकाम होणार नाही, हिशेब फाटकावर लागेल आणि किल्ली पालिकेकडेच राहील, एवढं लेखी हवं. शेजारच्या चाळीतल्या मुलांना तिथे खेळता येत नसेल, तर तो करार रद्द करावा.