जुन्या मोबाईलला नवी बॅटरी घालताना



मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकला, "पाणी वाढणार आहे, जाळी काढा, होड्या वर ओढून बांधा." सगळ्यांचं ओके आलं, एका आण्णांचं आलं नाही. फोन लावला तर बंद. शेवटी पोरगं गाडीवरनं त्यांच्या घरी पाठवलं. आण्णा म्हणाले, "सेक्रेटरी, दुपारी चाळीस टक्के दाखवत होता की वो, एकदम झोपला."

होडी वाचली. पण वेदगंगा-दूधगंगा कशा चढतात ते २०१९ ला आणि २०२१ ला आपण बघितलंय, यमगर्णीजवळ हायवे बंद पडला होता. अशा दिवसांत बंद मोबाईल परवडत नाही, आणि प्रत्येकाला नवा घेणंही परवडत नाही.

चाळीस टक्क्यांवर फोन का झोपतो? लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. पुढं आतला अडथळा वाढत जातो. कॉल आला किंवा टॉर्च लावली की व्होल्टेज पडतं आणि फोन बंद होतो. मात्र दरवेळी दोष बॅटरीचाच नसतो. हिडकलच्या पाण्यावर आत गेलं की रेंज कमी पडते, फोन सारखा टॉवर शोधतो आणि चार्जिंग खातो. चार्जिंगच्या भोकात गाळ साचला असेल तरी चार्ज नीट होत नाही. आधी ते बघा.

फोन किती जुना आहे तेही बघा. अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सअॅप १ जानेवारी २०२५ पासून बंद झालंय. तसल्या फोनला बॅटरी घालून ग्रुपचा मेसेज येणार नाही, पैसे वाया.

आता माझी फजिती. बाजारात एका दुकानदारानं ३५० रुपयांत "डबल पॉवर" बॅटरी दिली. चार महिन्यांत फोनचं मागचं झाकण उचललं, आत बॅटरी पापडासारखी फुगलेली! तेव्हा कळलं, जागा तेवढीच असताना ४००० ची बॅटरी ६००० ची होत नाही. आकडा वाढवून छापायला काय लागतं?

म्हणून खरेदीला जाताना जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर बघा. फोनचं नाव सांगून भागत नाही. रेडमी नोट ४ चंच घ्या. आपल्याकडं विकलेल्या फोनला बीएन४३ लागते, चीनमधल्या दुसऱ्या प्रकाराला बीएन४१. चार्जिंगचं व्होल्टेजही जुळलं पाहिजे. ४.४ व्होल्टच्या फोनला ४.२ ची बॅटरी घातली तर ती जास्त चार्ज होऊन फुगते.

बॅटरीवर आयएस १६०४६ आणि 'आर' पुढं आठ आकडी नंबर असतो. तो बीआयएस केअर अॅपमध्ये घातला की कंपनीचं नाव येतं. वेगळंच नाव आलं किंवा काहीच आलं नाही, तर परत ठेवा. तयार झाल्याची तारीखही वाचा. दुकानात पडून असली तरी बॅटरी म्हातारी होते, दोन-तीन वर्षांची जुनी नवी म्हणून घेऊ नका.

नामी कंपनीचा मालही चुकतो बरं का. २००७ साली नोकियानं बीएल-५सी च्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देऊ असं जाहीर केलं होतं, चार्जिंगला तापत होत्या म्हणून. फरक एवढाच की तिथं दाद मागायला कोणीतरी होतं. म्हणून पहिल्यांदा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मजुरीसकट भाव विचारा, मग बाहेर. पक्कं बिल आणि वॉरंटी लिहून घ्या.

आपल्या धंद्यासाठी एक खास गोष्ट. फोन उघडला की पाणी अडवणारी चिकट पट्टी सुटते. नवी पट्टी लावायला सांगा. तरीसुद्धा होडीत फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्येच ठेवा.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चुलीत किंवा तलावात टाकू नका. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.

ज्यांना अॅपवर नंबर बघायला जमत नाही त्यांनी बॅटरीचा फोटो काढून ऑफिसला या. सकाळी मासळीचं वजन आटोपलं की मी बसलेलाच असतो.