पित्ताची गोळी किती दिवस?



तुम्ही दवाखान्यासाठी पाठवलेल्या औषधांच्या पेट्या पोहोचल्या. मनापासून आभार. उघडून पाहिले तर निम्म्याहून अधिक गोळ्या पित्ताच्या! ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल. म्हणजे त्या तुमच्या घरीही पुष्कळ असणार, म्हणून हे लिहिते.

गोळी वाईट नाही. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप असतात, ते ती बंद करते. जठरातल्या व्रणावर तिने पुष्कळांचे जीव वाचवले आहेत. पण साध्या जळजळीला बहुधा चार ते आठ आठवडे पुरतात. पौलानेही तीमथ्याला पोटासाठी द्राक्षारस थोडाच घ्यायला सांगितला होता.

आमच्या सातपुड्यातला माणूस ऊसतोडीला गुजरातेत जातो. अंगदुखीवर गोळी मागितली की दुकानदार सोबत 'गॅसची गोळी' देतो. दुखणे थांबते, गॅसची गोळी वर्षभर चालू राहते.

मला खरी काळजी बायकांची. भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला जठरातले आम्ल लागते. एका गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी रक्त वाढेना. चौकशीत कळले, लोहाने मळमळते म्हणून ती गावातल्या दुकानातून पित्ताची गोळी आणून रोज घेत होती. डॉक्टरांनी ती बंद केली आणि लोहाची गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगितली. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेसातवरून साडेनऊवर आले. बाळंतपणात रक्त गेले असते तर साडेसातवर काय झाले असते, हे पाड्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

शिवाय पाण्यातून पोटात गेलेले पुष्कळ जंतू हेच आम्ल मारते. ते कमी झाले की जुलाबाचा धोका वाढतो. पावसाळ्यात झऱ्याचे पाणी पिणाऱ्यांना तर अधिकच. वर्षानुवर्षे गोळी घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वही कमी पडू शकते.

काही जण म्हणतात, "सिस्टर, बंद केली की जास्तच जळते." खरे आहे. दाबून ठेवलेले आम्ल काही दिवस उसळी मारते. आजार परतला असे नव्हे. म्हणून डॉक्टरांना विचारून आधी एक दिवसाआड घ्यावी, मग सोडावी. ज्यांना व्रणासाठी किंवा रोजच्या ॲस्पिरिनमुळे ती दिली आहे, त्यांनी मनाने मुळीच बंद करू नये. काळी शौचास, गिळताना त्रास, वजन घटणे असेल तर गोळीवर दिवस काढू नयेत. व्रण अनेकदा एका जिवाणूमुळे होतो. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. त्यावर प्रतिजैविकांचा सुमारे दोन आठवड्यांचा उपचार असतो.

पुढच्या पेटीत पित्ताच्या गोळ्या नकोत. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटे पाठवा. मुदत निदान सहा महिने उरलेली असावी.