अपग्रेडनंतर फाइल का उघडत नाही?

कुसगावातील महाविद्यालय असो वा पुण्यातील कंपनी, सामायिक फाइलींसाठी जुने शेअरपॉइंट वापरणाऱ्यांनी अपग्रेडपूर्वी लॉगिनची पद्धत तपासायला हवी.

काय बदलले?
शेअरपॉइंट २०१० मध्ये 'क्लासिक' पद्धत सर्रास वापरात होती. २०१३ पासून 'क्लेम्स' पद्धत मुख्य झाली. २०१० च्या आवृत्तीचा सपोर्ट एप्रिल २०२१ मध्ये संपल्याने अपग्रेड टाळणेही धोक्याचे.

अडचण कुठे येते?
पासवर्ड तोच राहतो, पण सर्व्हरवर वापरकर्त्याची नोंद नव्या स्वरूपात होते. जुन्या नोंदी बदलल्या नाहीत, तर त्याच कर्मचाऱ्याला प्रणाली परका समजते. ऐन पगाराच्या दिवशी हजेरीची फाइल उघडत नाही.

काय करावे?
बॅकअप घेऊन जुन्या आवृत्तीतच नोंदींचे रूपांतर करावे. मग चाचणी सर्व्हरवर साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने फाइल उघडून पाहावी. ॲडमिनचे लॉगिन चालले म्हणजे सगळ्यांचे चालेलच, असे नाही.