भिंतीवरचा करडा हिरवा

शेडकार्डावर शांत वाटणारा करडा हिरवा रंग घरच्या भिंतीवर कधी निळसर, कधी पिवळट दिसतो. दोष रंगाऱ्याचा नसतो. या छटेत हिरवेपणा मुळातच थोडा, त्यामुळे खोलीतला उजेड तिच्यावर सहज मात करतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, आकाशाचा निळसर प्रकाश येतो. तिथे भिंत थंड, राखाडी भासते. २७०० केल्विनच्या पिवळसर एलईडीखाली तीच ऑलिव्हकडे झुकते, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली पुन्हा करडी होते.

असा मऊ हिरवा अजिंठ्याच्या चित्रांतही आहे, आणि तो हिरव्या मातीचा आहे. या मातीला रंग देणारं सेलाडोनाइट हे खनिज दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत सापडतं. शतकानुशतकं टिकलेली ती छटा रंग निवडण्याआधी एकदा बघावीच! याउलट, १७७५ साली कार्ल शेले यांनी तयार केलेल्या झगझगीत हिरव्यात आर्सेनिक होतं, तरी एकोणिसाव्या शतकात तो युरोपातल्या घरांच्या वॉलपेपरवर सर्रास होता.

आज निवड सुरक्षित आहे, पण घाईची नको. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत, पूर्ण सुकू द्यावेत आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी व रात्री दिवा लावून प्रत्येक भिंतीला टेकवून पाहावा.