मरणाचा कायदा आणि मतदाराचें पत्र

घरांत दीर्घकाळ अंथरुणास खिळलेलें वडील माणूस असलें म्हणजे एक वाक्य वारंवार कानीं पडतें : "देवानें आतां सोडवावें, तुम्हांला आणखी किती दिवस त्रास द्यायचा?" आपण जवळ बसतों, पाठीवरून हात फिरवितों आणि विषय बदलतों. हे उद्गार मरणाच्या इच्छेचे कीं आपण ओझें झालों या संकोचाचे, हें ठरविणें पोटच्या मुलांसही अवघड जातें. तेंच वाक्य उद्यां कायदेशीर अर्जाच्या रूपानें पुढें आलें, तर त्याचा खरा अर्थ कोणी लावावयाचा? इंग्लंडांतील कित्येक मतदारांनीं हाच प्रश्न आपल्या प्रतिनिधींस विचारला. त्याची हकीकत वाचकांस सादर करावी, असें आम्हांस वाटतें.

हा वाद तेथें नवा नाहीं. १९३५ सालीं ऐच्छिक मरणास कायद्याची मान्यता मिळविण्यासाठीं एक संस्था निघाली. पुढच्याच वर्षीं लॉर्डांच्या सभेंत आलेलें विधेयक ३५ विरुद्ध १४ मतांनीं फेटाळलें गेलें. त्यास विरोध करणाऱ्यांत राजवैद्य लॉर्ड डॉसन हे होते. अशा गोष्टी वैद्याच्या विवेकावर सोडाव्या, असें त्यांचें म्हणणें. त्याच वर्षाच्या जानेवारींत मरणोन्मुख पंचम जॉर्ज बादशहांस मॉर्फिन व कोकेन टोचून त्यांनीं त्यांचा अंत लवकर घडवून आणला होता, हें मात्र १९८६ सालीं उजेडांत आलें. निधनाची वार्ता सायंकाळच्या पत्रांऐवजीं सकाळच्या 'टाइम्स'मध्यें यावी, हाही त्यांतील एक हेतु होता! रोग्याच्या मरणाची वेळ ठरवितांना इतरांची सोय किती सहज आंत शिरते, याचें याहून बोलकें उदाहरण विरळाच.

२०१५ सालीं कॉमन्स सभेनें असेंच विधेयक ३३० विरुद्ध ११८ मतांनीं नाकारलें. नऊ वर्षांनीं वारें फिरलें. किम लेडबीटर या सभासद बाईंनीं आणलेल्या विधेयकास २९ नोव्हेंबर २०२४ रोजीं ३३० विरुद्ध २७५ मतें पडलीं. सहा महिन्यांहून अधिक जगण्याची आशा नाहीं अशा प्रौढ रोग्यास, दोन डॉक्टरांच्या तपासणीनंतर, प्राणांत करणारें औषध स्वतः घेतां यावें, अशी ती योजना. या प्रश्नावर पक्षाचा आदेश नव्हता. प्रत्येक सभासदानें स्वतःच्या विवेकास स्मरून मत द्यावयाचें होतें. त्यामुळें एकेका सभासदाचें मन वळविण्यास विलक्षण महत्त्व आलें.

तेथील सभासद आपल्या मतदारसंघांत ठराविक वेळीं लोकांस भेटावयास बसतात. दोन्ही बाजूंचे लोक त्यांस तेथें गांठूं लागले, पत्रें लिहूं लागले. विरोधकांत अपंगांच्या संस्थेचा आवाज विशेष ठळक होता. जन्मापासून स्नायूंच्या दुर्धर रोगानें ग्रस्त असलेल्या लेडी जेन कॅम्बेल यांनीं ती संस्था काढली. आमच्या जगण्याला मदत मिळण्याची मारामार, आणि मरणाला मात्र सरकारची मदत हजर, हा कोणता न्याय, असा या मंडळींचा सवाल होता. डाव्या मतांच्या डायन अॅबट आणि कट्टर पुराणमतवादी एडवर्ड ली यांनींही मिळून एक लेख लिहून विरोध केला. पुढें न्यायाधीशाच्या मंजुरीची मूळची अट गळून तिच्या जागीं तज्ज्ञांचें मंडळ आलें, आणि मे २०२५ मध्यें मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनेंही या स्वरूपांत विधेयकास पाठिंबा देतां येत नाहीं असें कळविलें. २० जून २०२५ रोजीं शेवटचें मत झालें, तें ३१४ विरुद्ध २९१. विधेयक मंजूर झालें खरें. परंतु ५५ चें मताधिक्य सात महिन्यांत २३ वर आलें. तेथून तें लॉर्डांच्या सभेकडे गेलें व तेथें त्यावर हजाराहून अधिक दुरुस्त्या सुचविल्या गेल्या.

विधेयकाच्या पुरस्कर्त्यांस आम्ही निर्दय म्हणणार नाहीं. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं आपल्या माणसांचे हाल डोळ्यांनीं पाहिले आहेत. परंतु ऑरेगॉन संस्थानांत १९९७ पासून असा कायदा अंमलांत आहे, आणि तेथील वार्षिक अहवालांत वेदनेच्या भयापेक्षां परावलंबनाचें दुःखच अधिक रोग्यांनीं सांगितलेलें आढळतें. कानडांत २०१६ सालीं आलेल्या कायद्यांतील, मरण नजीक दिसत असलें पाहिजे, ही अट २०२१ सालीं काढून टाकण्यांत आली. कुंपण एकदां घातलें म्हणजे तें जागचें हलत नाहीं, असें कोणीं म्हणावें? उलट, सिसिली सॉंडर्स या बाईंनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हें रुग्णाश्रयगृह काढून, वेदना शमविण्याचें शास्त्र किती पुढें नेतां येतें हें दाखवून दिलें. अशा गृहांचा बराचसा खर्च मात्र अद्यापि लोकांच्या देणग्यांवरच चालतो.

आपल्याकडेही मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिकांनीं आपल्या बेशुद्धप्राय भगिनीची, अरुणा शानबाग यांची, १९७३ पासून २०१५ पर्यंत शुश्रूषा केली. त्यांना मरण द्यावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां रुग्णालयानें त्यास विरोध केला आणि २०११ सालीं न्यायालयानेंही तो मान्य केला नाहीं. पुढें २०१८ सालीं त्याच न्यायालयानें निरर्थक उपचार थांबविण्यास अटींवर मोकळीक दिली. उपचार थांबविणें आणि औषध देऊन मारणें, यांतील भेद मात्र त्यानें कायम ठेवला.

हा भेद राखावा, असेंच आमचें मत आहे. परंतु जो मरणाच्या कायद्यास विरोध करतो त्याच्यावर दुसरी जबाबदारी येते. प्रतिनिधीस पत्र लिहून त्याचें कर्तव्य संपत नाहीं. अंथरुणावरील माणसानें "तुम्हांला त्रास होतो ना?" असें विचारलें, कीं "नाहीं" हें उत्तर त्याला पटेल असें घर आणि असें रुग्णालय आपण त्यास दिलें पाहिजे.