डिझेलांतील पाणी व त्याचा बंदोबस्त

गेल्या वैशाखाच्या अखेरीस आमच्या पुतण्याचें पोकलेन यंत्र तलावांतील गाळ उपसतां उपसतां जागच्या जागीं बंद पडलें. मृग नक्षत्र दहा दिवसांवर आलेलें, गाळ नेण्यास शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रांगेनें उभे, आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता महिनाअखेरीस देणें. मेस्त्रीनें पाणी निराळें करणारा फिल्टर सोडून पाहिला, तों खालची वाटी पाण्यानें कांठोकांठ भरलेली. पुढें पंपाचे प्लंजर गंजलेले व नोझलांचीं टोंकें झडलेलीं निघालीं. दुरुस्तीचा आंकडा हप्त्याहून मोठा झाला आणि काम अर्ध्यावर असतां पाऊस लागला.

आम्ही महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध नाहीं. तथापि बेरीज कोठें चुकली हें शोधण्याची खोड जात नाहीं. आरंभीं आम्हीहि पेट्रोल-पंपवाल्यास दोष देण्यास निघालों होतों. भारतीय मानकाप्रमाणें हल्लींच्या डिझेलांत किलोमागें फार तर २०० मिलिग्रॅम पाणी चालतें. एवढ्यानें वाटी भरत नाहीं. चोर घरांतच होता.

डिझेलचें पिंप बांधावर उघड्यावर उभें असे. वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या होत्या. उभ्या पिंपाच्या वरच्या कांठांत पाणी सांचतें. दिवसा उन्हानें आंतील हवा फुगून बुचाच्या फटींतून बाहेर पडते. रात्रीं पिंप निवलें म्हणजे त्याच फटींतून हवेऐवजीं सांचलेलें पाणी आंत ओढलें जातें. तेव्हां पिंप छपराखालीं आडवें ठेवावें व दोन्हीं बुचें एका पातळींत, आडव्या रेषेवर येतील असें पाहावें. डिझेल काढण्यापूर्वीं पिंप उभें करून रात्रभर स्थिर राहूं द्यावें आणि पंपाची नळी तळापासून चार बोटें वर ठेवावी. यंत्राची टाकी सायंकाळींच भरावी. अर्ध्या रिकाम्या टाकींतील दमट हवा रात्रीं थंड होऊन पत्र्यावर दंव धरतें व तें तळाशीं जातें.

पाणी डिझेलाहून जड असल्यामुळें खालीं बसतें, आणि सेपरेटरचें सारें काम याच गोष्टीवर चालतें. टाकी व पंप यांच्या मध्यें हें उपकरण बसविलेलें असतें. डिझेल तेथें येऊन मंदावतें, पाण्याचे थेंब वाटींत उतरतात, आणि बारीक थेंब पाणी न धरणाऱ्या खास कागदापाशीं अडतात. पंपाच्या आंतील भागांस वंगण तें डिझेलाचेंच. त्यांतील फटी अवघ्या कांहीं मायक्रॉनच्या असतात. तेथें पाणी शिरलें कीं वंगणाचा पापुद्रा तुटतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, व त्यामुळें कॉमन-रेल पद्धतीचीं एंजिनें शेतांत आलीं. त्यांचा दाब हवेच्या दाबाच्या हजाराहून अधिक पट असतो. जुनें एंजिन थोडें पाणी सोसून खोकत चालतें. हें सोसत नाहीं. शिवाय पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर बुरशी वाढते, व तिचा काळा चिकट गाळ फिल्टर बुजवितो.

पाणी काढणें दोन मिनिटांचें काम आहे. तें सकाळीं, एंजिन सुरू करण्यापूर्वीं करावें. रात्रभरांत पाणी तळाशीं बसलेलें असतें. तोटीखालीं कांचेची बरणी धरून स्वच्छ डिझेल येईपर्यंत तोटी उघडी ठेवावी. टाकी खालच्या पातळीस असल्यास डिझेल आपोआप येणार नाहीं. त्या वेळीं वरचा हवेचा स्क्रू सैल करावा. एंजिन चालू असतां तोटी कधींहि उघडूं नये, पंप ओढीत असल्यानें हवा आंत शिरते. मागाहून तोटी बोटांनींच आवळावी. पक्कडीनें आवळलेल्या तोट्या फुटलेल्या आम्हीं पाहिल्या. फिल्टरचा कागद पुस्तिकेंत दिलेल्या तासांस बदलावा. बदलतांना नव्या फिल्टरांत डबड्यांतील डिझेल ओतूं नये, हातपंपानें भरावें व हवा काढावी.

कांहीं मेस्त्री 'हें बुजतें, ताकद खातें' म्हणून सेपरेटरच काढून टाकण्याचा सल्ला देतात. असला सल्ला देणाऱ्याच्या हातीं यंत्र देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. पाणी डिझेलांत मिसळून टाकणाऱ्या औषधांच्या बाटल्याहि बाजारांत मिळतात. मिसळलेलें पाणी वाटींत बसत नाहीं. तें सरळ पंपाकडे जातें. वाटीच्या बुडाशीं सुई असेल तर पाणी चढतांच दिवा लागतो. तो दिसल्यावर 'एवढी फेरी होऊं द्या' म्हणूं नये.

काढलेलें पाणी विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत सांचवून जळकें तेल घेणाऱ्यास द्यावें.

पुतण्यास आम्हीं एक वही करून दिली: तारीख, एंजिनचे तास, किती पाणी निघालें, सही. पाण्याचें माप एकाएकीं वाढलें तर पिंप अथवा टाकीचें झांकण तपासावें, एवढाच तिचा उपयोग. पहिले तीन महिने नोंदी नीट आहेत. चौथ्यांत पांच तारखा कोऱ्या आहेत, व त्याबद्दल आमची व त्याची बोलाचाली चालू आहे.