जबलपूरचे वृक्ष

नर्मदेच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर जबलपूर शहर वसलेले आहे. भारताच्या वनस्पतींच्या नकाशात या शहराचे स्थान मोठे मोक्याचे आहे. दक्षिणेकडून व पश्चिमेकडून पसरत आलेली सागाची वने या परिसरापर्यंत येऊन पोहोचतात. पूर्वेस मंडला व दिंडोरीच्या बाजूस गेले की सालवृक्षाचे राज्य सुरू होते. हिमालयाच्या पायथ्याचा साल आणि दख्खनचा साग या दोन महावृक्षांच्या सीमेवर जे थोडे लोकवस्तीचे मोठे प्रदेश आहेत, त्यांपैकी जबलपूर हा एक होय.

ही सीमा नेमकी येथेच का पडली, हा प्रश्न जुना आहे. मध्यप्रांताच्या वनखात्यात काम केलेला जेम्स फोर्साइथ याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाची चर्चा केली आहे. साग व साल यांचे प्रदेश भूस्तरांच्या बदलाबरोबर बदलतात, आणि त्यांच्याबरोबर काही वन्य पशुपक्षीही बदलतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. सागाला पाण्याचा निचरा चांगला होणारी जमीन लागते. काळ्या पाषाणापासून झालेल्या उतारांवर तो सुखाने वाढतो. सालाला खोल, ओलावा धरून ठेवणारी व वाळूचा अंश असलेली माती हवी असते.

परंतु मातीपेक्षाही बीजाचा स्वभाव अधिक बोलका आहे. सागाचे फळ कठीण कवचाचे असते. ते जमिनीत पडून राहिले, वणव्याची धग सोसली, एक पावसाळा कोरडा गेला, तरी पुढच्या पावसाळ्यात त्यातून अंकुर फुटू शकतो. सालाच्या बीजाला असा धीर नाही. पंखांसारख्या पाकळ्या असलेले त्याचे फळ जूनच्या सुमारास पिकते, वाऱ्यावर भिरभिरत खाली येते, आणि आठदहा दिवसांत ओलावा मिळाला नाही तर त्यातील जीव नाहीसा होतो. पाऊस वेळेवर आला तर रान रोपांनी भरून जाते. तो पंधरवडाभर लांबला तर त्या वर्षाचे सारे बी वाया जाते. मोसमी पावसाच्या आगमनाशी इतकी घट्ट गाठ बांधून घेतलेला वृक्ष कोरड्या प्रदेशात पाऊल टाकू शकत नाही, यात नवल नाही.

जबलपूरच्या भोवतालचे मूळ वन मिश्र पानझडी प्रकारचे आहे. पावसाचे बहुतेक सारे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडते, व मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत पाने टिकवून धरणे म्हणजे मुळांनी साठविलेले पाणी उधळणे होय. म्हणून ऐन, धावडा, मोह, तेंदू, चार, बिबळा, बेहडा, सालई ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडी आपला पर्णसंभार उतरवून ठेवतात. पळस व काटेसावर तर याच निष्पर्ण काळात फुलतात. पाने आड येत नसल्यामुळे त्यांची तांबडी फुले दुरून दिसतात, आणि मधाच्या लोभाने येणारे पक्षी त्यांचे परागण करून जातात. मदनमहालच्या ग्रॅनाइटी टेकड्यांसारख्या जागी माती अगदी थोडी असते. तेथे शिळांच्या फटींत मुळे घालून उभे राहणारे काटक वृक्षच टिकतात.

या सर्व वृक्षांच्या मागे त्याहूनही प्राचीन वृक्षांची एक परंपरा आहे, आणि ती दगडात कोरलेली आहे. शहराच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या ‘जबलपूर प्रस्तरां’त सायकससारख्या वनस्पतींची व सूचिपर्णी वृक्षांची अश्मीभूत पाने सापडतात, ती ज्या काळची आहेत त्या काळी फुलणाऱ्या वृक्षांचे युग अद्याप उजाडावयाचे होते. १८२८ साली विल्यम स्लीमन हा अधिकारी येथील बडा सिमला टेकडीच्या परिसरात दगड बनलेल्या लाकडांचा शोध घेत असता त्यास प्रचंड हाडे आढळली. भारतात प्रथम सापडलेले डायनोसॉरचे अवशेष ते हेच; १८७७ मध्ये लायडेकर याने त्यांस ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. अश्मीभूत खोडे विपुल पाहावयाची तर दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथील राष्ट्रीय जीवाश्म उद्यानात जावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ताड-माडांच्या जातीचे वृक्ष तेथे शिळारूपाने पडलेले आहेत. त्या काळी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेस होता व येथील हवा दमट होती, असे या खोडांवरून अनुमान निघते.

माणसाने या भूमीवर झाडे राखण्यास केव्हा आरंभ केला हे सांगणे कठीण. पण कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर हे गाव जवळच आहे, आणि त्यांच्यानंतर गढा-मंडल्याच्या गोंड राजांनी येथे राज्य केले. गोंड लोक ऐनाच्या झाडात बडादेवाचा वास मानतात. ज्या वृक्षात देव आहे त्यावर कुऱ्हाड चालत नाही. राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडलेला राणीताल, तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाचा आधारताल, दासीच्या नावाचा चेरीताल, अशी तलावांची एक मालिका परंपरेने सांगितली जाते. काठावर वड-पिंपळ, जांभूळ, अर्जुन आणि पलीकडे आंब्याची राई, असे जुन्या तलावाचे रूप मध्य भारतात सर्वत्र असे. पाणी मुरले की झाडे जगत, आणि झाडांच्या सावलीत पाणी टिके. यांपैकी कित्येक तलाव पुढे बुजले, व त्यांची नावे तेवढी मोहल्ल्यांना उरली.

१७८१ मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांस दिला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. त्यानंतरच्या काळातील जबलपूरच्या आमराईची एक हकीकत वर उल्लेखिलेल्या स्लीमनने आपल्या १८४४ च्या प्रवासग्रंथात दिली आहे. ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

आमराई लावणाऱ्याने तीतील एका आंब्याचे जवळच्या दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, लग्न लावल्यावाचून फळ चाखू नये, असा त्या भागात प्रघात होता. छावणी व गाव यांच्या दरम्यान बरजोरसिंह नावाच्या वृद्ध गृहस्थाची एक राई होती. झाडे लावणे, त्यांना पाणी घालणे, पक्क्या भिंती व विहिरी बांधणे यांत त्याचा सारा पैसा संपला, आणि लग्नाचा खर्च काही उभा राहीना. १८३३ साली एका आंब्यास फळ धरले तेव्हा म्हातारा व त्याची पत्नी संकटात पडली. फळ तर समोर लोंबते आहे, पण खाण्याचा अधिकार नाही! अखेर दोघांनी दागिने विकले, कर्ज काढले व कार्य उरकले. जेवावयास ब्राह्मण मात्र दीडशेच घालता आले, याची त्यास खंत वाटत होती. राईत एकच चिंच होती. ती लग्नापूर्वीच मेली. म्हणून आंब्यास चमेलीची वधू करावी लागली, आणि तीही पुढे माळ्याच्या हयगयीने सुकून गेली.

या हकीकतीत हसण्यासारखे काही वाटले तरी तिच्यामागचा व्यवहार दृढ होता. राई लावणे हे पुण्यकर्म, लग्न ही त्याची जाहीर नोंद, आणि नंतर त्या झाडांस हात लावणे हे साऱ्या गावाला न रुचणारे कृत्य. वधू म्हणून जिला मान होता ती चिंच मूळची आफ्रिकेची. ती इतक्या प्राचीन काळी आली की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हटले, आणि त्याच नावावरून युरोपीय भाषांतील तिचे नाव घडले. झाड परके केव्हापर्यंत व आपले केव्हापासून, हे वनस्पतिशास्त्र सहसा ठरवीत नाही.

त्या राईतील आंबे कोयीपासून वाढलेले, म्हणजे रायवळ होते. कलमी आंब्याचे प्रत्येक झाड मूळ झाडाची हुबेहूब आवृत्ती असते. कोय मात्र परपरागणातून झालेली असल्यामुळे तिच्यातून उगवणारे झाड चवीने, आकाराने, फळ धरण्याच्या वेळेने व रोगाशी झुंजण्याच्या शक्तीने निराळे निघू शकते. शंभर झाडांची रायवळ राई म्हणजे शंभर वाणांचे भांडार होय. शहर वाढले, राईंच्या जागी वस्त्या आल्या. त्याबरोबर काय गेले याची मोजदाद फळांच्या टोपल्यांवरून होणार नाही, कारण त्यांतील एकेक वाण जगात एकाच झाडाच्या रूपाने अस्तित्वात होता.

मैहरपासून जबलपूरकडे येणाऱ्या दख्खन मार्गाच्या दुतर्फा स्लीमनने कित्येक मैलांपर्यंत झाडे लावविली होती. पुढे १८६७ मध्ये अलाहाबादेकडून रेल्वे आली, १८७० मध्ये मुंबईकडची वाट तिला मिळाली, आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे जुळला. या मार्गांना लाकडी स्लीपर हवे होते. सालाचे लाकूड जड, कठीण व जमिनीत दीर्घकाळ टिकणारे. त्यामुळे त्याच्यावर कुऱ्हाड पडली. वनखात्याचे कायदे त्याच सुमारास झाले, यामागे वृक्षप्रेमाइतकीच लाकूड संपण्याची धास्ती होती, असेच म्हणावे लागते.

छावणी, बंगले, रुंद रस्ते आणि १९०४ मध्ये निघालेला तोफगाड्यांचा कारखाना यांबरोबर शहराच्या वृक्षांची दुसरी पिढी आली. दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, मादागास्करचा गुलमोहर, ब्रह्मदेशाकडील बूच, ऑस्ट्रेलियाचा निलगिरी हे त्यांतील प्रमुख. पर्जन्यवृक्षाची पाने सायंकाळी व ढगाळ हवेत मिटतात. त्याचा विस्तार छत्रीसारखा असल्याने छावणीच्या रस्त्यांना तो मानवला. गुलमोहराची शोभा सर्वांना ठाऊक आहे, पण त्याची मुळे उथळ असतात, आणि वादळात तो लवकर उन्मळतो. बुचाची शुभ्र, लांब देठांची फुले पहाटे सडा घालतात; लाकूड मात्र ठिसूळ. या पाहुण्यांच्या मानाने कडुनिंब, करंज, जांभूळ व अर्जुन हे रस्त्याकडेचे वृक्ष दिसावयास साधे, परंतु येथील उन्हाळ्याशी त्यांचा जुना परिचय आहे.

वड व पिंपळ कोणी लावावे लागत नाहीत. त्यांची फळे खाणारे पक्षी बी जेथे टाकतील तेथे, भिंतीच्या भेगेत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यातही, ते रुजतात. या कुळातील प्रत्येक जातीचे परागण एखादी विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशी करते व तिची पिल्ले त्याच फळात वाढतात. माशी हवी तर फळे वर्षभर कोठेतरी असली पाहिजेत. म्हणून एका मोहल्ल्यातील झाडे भराभर तोडली गेली तर पलीकडच्या झाडांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

गेल्या काही दशकांत भारतातील अनेक शहरांच्या रस्त्यांवर सप्तपर्णीची लागवड फार झाली. ती झपाट्याने वाढते, चिकामुळे गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि रोपवाटिकेत ती सहज मिळते. पण एकाच जातीची रांगच्या रांग लावणे धोक्याचे आहे. याचा पुरावा जबलपूरच्या शेजारीच आहे. १९९७-९८ च्या सुमारास मंडला-दिंडोरीच्या सालवनांत खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा भयंकर उपद्रव झाला, आणि लक्षावधी झाडे तोडावी लागली. जबलपूर येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांपुढे हे मोठेच काम उभे राहिले. भुंगेरे पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतात व ताज्या तोडलेल्या सालाच्या रसाकडे धावतात. म्हणून काही ओंडके ठेचून जंगलात सापळा म्हणून ठेवावयाचे, आणि रसावर जमलेले किडे वेचून नष्ट करावयाचे, अशी युक्ती तेथे वापरली गेली.

शहरातील झाडाचा शत्रू भुंगेरा नव्हे. तो बहुधा सिमेंट असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्याला लागून फरसबंदी झाली की माती घुसमटते, सूक्ष्म मुळे मरतात, आणि वरून हिरवे दिसणारे झाड चारदोन वर्षांनी एका वावटळीत आडवे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. मध्यप्रदेशात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा २००१ साली झाला. त्याअन्वये परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. पण न तोडता मारलेल्या झाडाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे कोणत्याही कायद्यास सहज साधणारे नाही.

विमानतळाच्या बाजूस डुमना येथे महानगरपालिकेने राखलेले सुमारे हजार हेक्टरांचे वन आहे. त्याच्या कुशीत १८८३ मध्ये बांधलेला खंदारी जलाशय आहे, व शहराच्या पाण्याचा काही भाग त्यातून येतो. जलाशयात गाळ कमी यावा म्हणून भोवतालचे रान राखले गेले. रान राहिले म्हणून चितळ राहिले, बिबट्याही राहिला. मोह, तेंदू, ऐन, पळस यांची जी मिश्र सभा एकेकाळी साऱ्या परिसरात भरत असे, तिचे दर्शन आता शहरवासीयांना येथे घडते. मार्चअखेरीस पहाटे तेथे गेल्यास मोहाची टपोरी, फिकट पिवळी फुले झाडाखाली पडलेली आढळतात, आणि सूर्य वर येण्यापूर्वीच चितळांनी त्यांपैकी बरीचशी वेचून खाल्लेली असतात.